नाव न सांगता विचारलेला प्रश्न

येत्या ४ नोव्हेंबरपासून देशातल्या असंख्य फोनवर एक मुदत संपायला लागेल. गेल्या वर्षी याच तारखेपासून ओपनएआय या अमेरिकी कंपनीनं 'चॅटजीपीटी गो' ही महिना ३९९ रुपयांची योजना भारतात वर्षभरासाठी मोफत देऊ केली होती. पहिल्याच दिवशी ज्यांनी ती घेतली, त्यांचं वर्ष यंदा दिवाळीच्या तोंडावर भरतं. घेताना यूपीआय किंवा कार्ड जोडून द्यावं लागत होतं. वर्ष संपल्यावर योजना आपोआप थांबत नाही, दरमहा पैसे कापले जाऊ लागतात. घेऊन विसरलेल्यांनी हा लेख थोडा वेळ बाजूला ठेवावा, यूपीआय ॲपमधली 'ऑटोपे'ची यादी उघडावी, नको असेल तर मंजुरी रद्द करावी आणि मग पुढं वाचावं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत २०२५ चा उत्तरार्ध भारतीय ग्राहकासाठी विलक्षण होता. जुलैमध्ये एअरटेलनं आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना 'पर्प्लेक्सिटी प्रो' वर्षभर मोफत दिलं. त्याची किंमत १७ हजार रुपये सांगितली गेली. ३० ऑक्टोबरला जिओ आणि गूगल यांनी 'जेमिनी'ची सशुल्क योजना १८ महिने मोफत जाहीर केली, किंमत सांगितली ३५ हजार १०० रुपये. सुरुवात १८ ते २५ वयोगटापासून झाली. त्यामागोमाग नोव्हेंबरात ओपनएआय. चार महिन्यांत जगातल्या तीन बड्या कंपन्यांनी आपला महागडा माल एका देशाच्या हाती बिनपैशानं ठेवला.

ज्यांनी घेतलं त्यांनी चांगलंच केलं. गावातला शिक्षक प्रश्नपत्रिका तयार करतो, छोटा कारखानदार इंग्रजी पत्र लिहून घेतो, परदेशी निघालेली मुलगी अर्ज तपासून घेते. ही कामं एरवी पैसे मोजून करावी लागली असती. पण तिन्ही ठिकाणी उत्तर मिळण्याआधी आपल्यालाच एक प्रश्न विचारला गेला होता: तुम्ही कोण? कुणाला सिमकार्ड हवं होतं, कुणाला ईमेल, कुणाला जन्मतारीख, कुणाला बँकेची मंजुरी. या लेखाचा विषय आहे तो दुसरा दरवाजा, जिथं पैसेही लागत नाहीत आणि नावही सांगावं लागत नाही. त्याची जाहिरात होत नाही, त्यावर किंमत लिहिलेली नसते. तो टिकला पाहिजे असं माझं ठाम मत आहे आणि तो आपोआप टिकणार नाही अशी मला भीती आहे.

*

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसमोर आलं तेव्हा ते मोफत होतं, पण खातं उघडावं लागे आणि मोबाईल क्रमांक पडताळून घ्यावा लागे. तरी पाच दिवसांत दहा लाख लोकांनी खाती उघडली. १ एप्रिल २०२४ ला कंपनीनं खात्याची अट काढून टाकली. संकेतस्थळ उघडा, चौकटीत प्रश्न लिहा, उत्तर घ्या. पुढं ५ फेब्रुवारी २०२५ ला इंटरनेटवर शोध घेण्याची सोयही बिनखात्याच्या लोकांना मिळाली. मायक्रोसॉफ्टचं 'कोपायलट' आणि 'पर्प्लेक्सिटी' यांनीही काही मर्यादेपर्यंत अशी मुभा ठेवली. 'डकडकगो' या खासगीपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या शोधयंत्रानं २०२४ मध्ये वेगळाच मार्ग काढला. तिथं तुमचा प्रश्न त्यांच्यामार्फत वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉडेलकडं जातो, तुमचा आयपी पत्ता पुढं पाठवला जात नाही आणि त्या संभाषणावर मॉडेल शिकवायचं नाही असा करार त्या कंपन्यांशी केलेला असतो.

बिनखात्याच्या दारातून जाणाऱ्याला सगळं मिळत नाही. जुनी संभाषणं जपून राहत नाहीत, आवाजात बोलण्यासारख्या सोयी नसतात, नाजूक विषयांवर चाळणी अधिक बारीक असते, आणि मॉडेल बहुधा हलकं असतं. प्रश्नांची संख्या ओलांडली की 'लॉगिन करा' असा फलक येतो. हे सारं मला रास्त वाटतं. एकच गोष्ट लक्षात ठेवायची: खातं नसलं म्हणजे आपण अदृश्य झालो असं नव्हे. आयपी पत्ता दिसतोच, ब्राउझरमध्ये कुकी बसते आणि लिहिलेला मजकूर मॉडेल सुधारण्यासाठी वापरला जाऊ शकतो. हा वापर बंद करण्याची कळ सेटिंगमध्ये असते, ती आपण होऊन दाबावी लागते. नाव, आधार क्रमांक, रुग्णालयाचा अहवाल, कचेरीतली फाइल यांतलं काहीही तिथं चिकटवू नये. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं आपल्या कर्मचाऱ्यांना सरकारी संगणकांवर अशी साधनं वापरायला मनाई केली, ती याच कारणानं.

मग खातं न मागण्याचं इतकं महत्त्व का? ज्याच्या खिशात स्वतःचा फोन, स्वतःच्या नावाचं सिम आणि पासवर्ड पाठ असलेला ईमेल आहे, त्याला हा प्रश्न पडणारच नाही. पण २०१९ ते २१ मधल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्केच निघाल्या. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के होत्या. घरात स्मार्टफोन मात्र जवळजवळ ९० टक्क्यांकडं होता. म्हणजे फोन आहे, पण तो बाबांचा आहे किंवा दादाचा. त्या फोनवरचं खातंही त्यांचंच. त्यात विचारलेला प्रत्येक प्रश्न यादीत राहतो आणि संध्याकाळी फोन परत घेणाऱ्याला दिसतो.

आता त्या मुलीला विचारायचं काय असतं, याचा विचार करा. पाळी चुकली तर किती दिवस वाट बघावी. लग्न ठरवलंय, पण मी सतरा वर्षांची आहे, कुणाला सांगू. तिच्या आईला विचारायचं असतं की घरात मारहाण होते, पोलीस ठाण्यात न जाता तक्रार कुठं करता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेला असतो आणि १८१ या क्रमांकावर मोफत मदत मिळते. हे उत्तर मराठीत, चार ओळींत, आत्ताच्या आत्ता मिळू शकतं. पण ते नावासकट मिळत असेल तर ती विचारणारच नाही. कर्जबाजारी शेतकरी, नोकरी गेलेली गोष्ट घरी न सांगितलेला माणूस, स्वतःच्या लैंगिकतेबद्दल गोंधळलेला मुलगा, यांची हीच स्थिती असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मनातला प्रश्न कुणाच्या नजरेखाली न येता विचारता येणं हे मला त्या हक्काचं रोजच्या जगण्यातलं रूप वाटतं.

मुलांच्या बाबतीत कायद्याचा आणखी एक पेच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हेतू चांगलाच आहे. मुलांच्या माहितीचा बाजार थांबायलाच हवा. पण संमतीची पडताळणी म्हणजे पुन्हा पालकांचं ओळखपत्र, पुन्हा खातं. जे दार मुलाबद्दल काही विचारतच नाही आणि काही साठवतच नाही, तेच खरं तर या कायद्याच्या उद्देशाला सगळ्यांत जवळचं. नियमांची अंमलबजावणी करताना हा भेद पुसला गेला तर सावध कंपन्या बिनखात्याचं दारच बंद करून टाकतील, कारण त्यांना तेच सोपं पडेल.

*

दार बंद होतं कसं, याचं ताजं उदाहरण आपल्यासमोर आहे. १८ डिसेंबर २०२४ ला ओपनएआयनं एक फोन क्रमांक सुरू केला. अमेरिकेत त्यावर साधा फोन लावून, खातं न उघडता, महिन्याला १५ मिनिटं बोलता येत होतं. बाकी जगात तोच क्रमांक व्हॉट्सॲपवर चालत होता. भारतासारख्या देशात याचा अर्थ मोठा होता. कितीतरी लोकांच्या लेखी इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप. त्यांना ॲप स्टोअर, ईमेल, पासवर्ड हे सगळं टाळून थेट प्रश्न टाइप करता येऊ लागला. फोन क्रमांक कळत होता, म्हणजे पूर्ण निनावी नव्हतंच, पण नवी नोंदणी लागत नव्हती. कंपनीच्या म्हणण्यानुसार पाच कोटींहून अधिक लोकांनी ही सोय वापरली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिनं नियम बदलला. दुकानदारानं ग्राहकांच्या प्रश्नांसाठी बॉट ठेवला तर चालेल, पण सर्वसाधारण उत्तरं देणारे इतर कंपन्यांचे चॅटबॉट व्हॉट्सॲपवर चालणार नाहीत. १५ जानेवारी २०२६ ला तो नियम लागू झाला आणि ती खिडकी मिटली. मेटाचा स्वतःचा चॅटबॉट मात्र भारतात जून २०२४ पासून व्हॉट्सॲपमध्ये आहे आणि तो राहिला. वापरणाऱ्याला एवढंच जाणवलं की काल उत्तर देणारा क्रमांक आज गप्प आहे. रस्ता ज्याच्या मालकीचा, त्याचंच दुकान रस्त्यावर उरलं.

महाराष्ट्राला हा प्रसंग ओळखीचा वाटायला हवा. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आणलं, तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ठराविक संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांना पैसे. पुढं त्याचं नाव 'फ्री बेसिक्स' झालं. त्या वर्षाच्या अखेरीस मार्क झुकेरबर्ग यांनी भारतीय वृत्तपत्रात लेख लिहून त्याची बाजू मांडली आणि त्यात उदाहरण दिलं ते महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं, जो त्यावर हवामान आणि बाजारभाव बघत होता. त्या शेतकऱ्याला झालेला फायदा खरा असेल. पण कोणती संकेतस्थळं त्याला फुकट दिसावीत, हे दूरच्या एका कंपनीनं का ठरवावं, हा प्रश्न लाखो भारतीयांनी दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायला ईमेल पाठवून विचारला. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं मजकुराप्रमाणे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी घातली आणि ते दुकान उठलं.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं, ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. त्यात निवडक संकेतस्थळं नव्हती, सगळं इंटरनेट होतं, आणि खेड्यापाड्यांतल्या आयुष्यात त्यानं जो बदल घडवला त्याला तोड नाही. पण फुकटाचे दिवस सरले, स्पर्धेतल्या कंपन्यांपैकी मोजक्याच उरल्या आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. सवय लागल्यावर किंमत लावायची हा व्यापार आहे, त्यात गुन्हा नाही. पण २०१६ मध्ये इंटरनेटच्या दारासाठी एक नियम तरी झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दारासाठी तसा नियम अजून नाही.

*

फुकट द्यायला कंपन्यांना परवडतं कसं, हे समजल्याशिवाय हे दार किती दिवस उघडं राहील याचा अंदाज येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार जेमिनीला विचारलेल्या एका मध्यम (मीडियन) लेखी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी लागतं. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी दिलेला आकडा ०.३४ वॅट-तासाचा. एका प्रश्नाला हे नगण्य आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी वापरणारे लोक आठवड्याला ८० कोटी होते, आणि यंत्रांची किंमत विजेच्या कितीतरी पट. हा खर्च आज पैसे देणारे थोडे ग्राहक आणि भरपूर गुंतवणूकदार भागवतात. गुंतवणूकदार कायम थांबत नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये ओपनएआयनं जाहीर केलं की अमेरिकेत मोफत आणि 'गो' योजनेच्या वापरकर्त्यांना जाहिराती दाखवून पाहणार. जाहिरातीला माणूस ओळखू यावा लागतो. ज्याला ओळखतच नाही त्याला दाखवलेली जाहिरात स्वस्तात जाते. म्हणून बिनखात्याच्या माणसाला खात्याकडं ढकलण्याचा ओढा इथून पुढं वाढतच जाईल.

मराठी माणसाच्या वाट्याला यात आणखी एक हिशेब येतो आणि तो फारसा बोलला जात नाही. ही मॉडेलं शब्द वाचत नाहीत, शब्दांचे तुकडे वाचतात. त्यांना टोकन म्हणतात. कोणते तुकडे पाडायचे हे शिकवणीच्या मजकुरात काय जास्त आहे यावर ठरतं. तो मजकूर बहुतांशी इंग्रजी, त्यामुळं इंग्रजीचा अख्खा शब्द बहुधा एका तुकड्यात बसतो. देवनागरीचं तसं नाही. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं असतात, आणि जुन्या मॉडेलांमध्ये एका अक्षराचेही तुकडे पडत. मे २०२४ मध्ये ओपनएआयनं नवं मॉडेल आणताना स्वतःच एक तक्ता दिला. एकाच मजकुराला इंग्रजीत पूर्वी २७ टोकन लागत, नव्या पद्धतीत २४. मराठीत पूर्वी ९६ लागत, आता ३३.

या दोन आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. ९६ म्हणजे इंग्रजीच्या साडेतीन पट. कंपनीचा खर्च टोकनवर मोजला जातो, पैसे भरून हे मॉडेल आपल्या ॲपमध्ये वापरणाऱ्या मराठी उद्योजकाचं बिल टोकनवर निघतं, आणि एका संभाषणात मॉडेलला किती मागचं लक्षात राहील तेही टोकनवरच ठरतं. म्हणजे मे २०२४ पर्यंत आपण मराठीत बोललो की यंत्र महाग पडत होतं, हळू चालत होतं आणि लवकर विसरत होतं, आणि आपण समजत होतो की मराठीच यंत्राला जमत नाही. ३३ वर आल्यावर फरक सव्वा-दीड पटीवर आला. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण ती कुणाच्या मागणीवरून झाली नव्हती. उद्या खर्च कापायची वेळ आली तर मोफत दारात कोणती भाषा आधी मागं पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

*

या सगळ्या दारांना पर्याय म्हणून एक वेगळी वाट आहे. दुसऱ्याच्या दारात उभंच न राहता मॉडेल आपल्या घरी आणायचं. जुलै २०२२ मध्ये, म्हणजे चॅटजीपीटीच्याही आधी, 'ब्लूम' नावाचं मॉडेल जगाला खुलं झालं. हजाराहून अधिक संशोधकांनी, फ्रान्सच्या सरकारी 'जाँ झे' या महासंगणकावर, ४६ भाषांत ते घडवलं. त्या ४६ मध्ये मराठी आहे. त्यानंतर मेटानं 'लामा', गूगलनं 'जेमा', चीनच्या डीपसीकनं 'आर वन', आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द ओपनएआयनं 'जीपीटी-ओएसएस' ही मॉडेलं डाउनलोड करायला दिली. मार्च २०२३ मध्ये जॉर्जी गेर्गानोव या बल्गेरियन प्रोग्रामरनं अशी मॉडेलं साध्या लॅपटॉपवर चालवणारी प्रणाली लिहिली आणि ती सगळ्यांना देऊन टाकली. जुन्या, आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवरही लहान मॉडेल चालतं. एकदा उतरवून घेतलं की ना खातं, ना इंटरनेट. तुमचा प्रश्न तुमच्या यंत्राबाहेर जातच नाही.

मी असं एक लहान मॉडेल बसवून मराठीत बोलून पाहिलं. विज्ञानाचा प्रश्न त्याला समजतो, उत्तराचा गाभाही बरोबर असतो. पण भाषा लंगडते. नपुंसकलिंग दिसलं की त्याचा तोल जातो, सामान्यरूपं चुकतात, मध्येच 'और' आणि 'लेकिन' डोकावतात. मोठ्या मॉडेलांत हे बरंच कमी झालंय. लहान मॉडेलात ते उरतं, कारण मराठीचा मजकूरच कमी पोहोचलेला आहे. म्हणजे पैशाचं आणि नावाचं बंधन गेलं तरी आपल्या भाषेचं देणं बाकी राहतं, आणि ते आपल्यालाच भरावं लागणार आहे.

ते भरणारे लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल दिवाळी अंकांत फार कमी लिहिलं जातं. पुण्याच्या 'एल३क्यूब' या गटानं २०२२ मध्ये 'महाकॉर्पस' हा २.४८ कोटी वाक्यांचा मराठी मजकूर-संग्रह आणि त्यावर शिकवलेली 'महाबर्ट' मॉडेलं कुणालाही घेता येतील अशी ठेवली. त्यांत विद्यार्थ्यांचं काम मोठं आहे. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधल्या 'एआयफोरभारत'नं २०२३ मध्ये राज्यघटनेच्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांचं भाषांतर करणारं 'इंडिकट्रान्स२' खुलं केलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात खेड्यांतल्या आणि शहरांतल्या कमी उत्पन्नाच्या ३६ मराठी भाषकांनी मोबाईलवर वाक्यं वाचून सुमारे १०९ तासांचं मराठी बोलणं नोंदवलं होतं. त्यांना त्याचा मोबदला मिळाला. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'साठी मराठी स्वयंसेवकांनी आपला आवाज काहीही न घेता दिला. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया बिनपगारी संपादकांनी उभा केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभारलेला मराठी विश्वकोश जनतेच्या पैशातून झाला आणि आज इंटरनेटवर कुणालाही खातं न उघडता वाचता येतो.

आज कुठलंही मॉडेल मराठीत बरं बोलत असेल तर ते अशाच लोकांच्या कष्टांवर. या माणसांनी देताना वाचणाऱ्याचं नाव विचारलं नाही. त्यांच्या शब्दांवर शिकलेल्या यंत्रानं मराठी माणसाला निदान काही प्रश्नांची उत्तरं नाव न विचारता द्यावीत, ही मागणी मला उपकाराची वाटत नाही, ती परतफेडीची आहे.

*

इथं एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण 'खातं नको, पैसे नकोत' या शब्दांना भुलून लोक लुटले जातात. मे २०२३ मध्येच मेटानं सांगितलं होतं की चॅटजीपीटीच्या नावाखाली संगणकात घुसणाऱ्या घातक प्रोग्रामचे दहाएक प्रकार त्यांना सापडले आणि हजारावर दुवे त्यांनी अडवले. आपल्याकडं लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते आणि ती उघडली की बँकेतलं खातं रिकामं होतं, हे आता गावोगाव माहीत झालंय. 'फुकट प्रो एआय' म्हणून आलेली फाइलही त्यातलीच समजावी. खऱ्या बिनखात्याच्या दाराला फाइल लागत नाही, ॲपही लागत नाही. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करायचा, जाहिरातीतल्या दुव्यावरून जायचं नाही, आणि पान संदेश, संपर्क किंवा एसएमएस वाचायची परवानगी मागू लागलं तर तिथूनच फिरायचं. बँकेचा ओटीपी कुठल्याही उत्तरासाठी लागत नाही.

*

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली चालणारी शासनमान्य ग्रंथालयं दहा हजारांहून अधिक आहेत. पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी, अनामत आणि नाव लागतं. वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी बसायला बहुतेक ठिकाणी काहीच लागत नाही. येईल तो बसतो, वाचतो, जातो. त्यांतल्या अनेकांना जोडून अभ्यासिका आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यानंतर तिथं बसणाऱ्या मुलामुलींची गरज बदलली आहे. पूर्वी त्यांना पर्याय पाठ करायचे होते, आता स्वतःच्या मराठीत उत्तर लिहायचं आहे आणि ते कुणीतरी तपासून द्यायला हवं आहे. पुण्यात शिकवणीला जाणाऱ्याला ते मिळतं. तालुक्याच्या अभ्यासिकेतल्या मुलाला ते फोनवरच्या यंत्राकडून मिळू शकतं, आणि त्याचा डेटा संपला की तेही थांबतं. त्या टेबलाशेजारी एक संगणक ठेवता येईल. त्यावर खुलं मॉडेल बसवलेलं, नोंदवही नाही, लॉगिन नाही, एका माणसाला अर्धा तास. बंद केलं की सगळं पुसलं जाईल.

पैसा नाही असं म्हणता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'इंडियाएआय' मोहिमेला १० हजार ३७१.९२ कोटी रुपये मंजूर केले. पवईच्या आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर २०२४ मध्ये 'भारतजेन' सुरू झालं. भारतीय भाषांची मॉडेलं सरकारी पैशानं घडवायची हे त्याचं काम. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं 'महाॲग्री-एआय' धोरण मान्य केलं आणि त्यासाठी ५०० कोटींची तरतूद ठेवली. कृषी विभागाचं 'महाविस्तार' हे मराठीतून उत्तर देणारं ॲपही त्याच वर्षी आलं. ही पावलं योग्य दिशेची आहेत. खासगी कंपनीनं खातं मागावं की नाही हा तिच्या धंद्याचा प्रश्न असेल. जनतेच्या पैशातून घडलेल्या मॉडेलाच्या बाबतीत तसा पर्याय सरकारनं ठेवू नये. निविदेतच लिहावं की प्रश्न विचारण्यासाठी नोंदणी लागणार नाही, विचारलेलं साठवलं जाणार नाही, आणि मॉडेल ग्रंथालयाला उतरवून घेता येईल.

नाव न विचारता दिलं तर गैरवापर होईल, असा आक्षेप यावर हमखास येतो. होईल, थोडा होईल. कंपन्यांनी बिनखात्याच्या दारावर चाळणी बारीक ठेवली आहे, प्रश्नांची संख्या बांधली आहे, आणि त्या उपायांनी त्यांचं काम चाललं आहे. सरकारलाही तेच करता येईल. दुसरा आक्षेप, यंत्र चुकीचं सांगतं. तो अधिक गंभीर आहे, पण खातं उघडल्यानं चूक बरोबर होत नाही. त्यासाठी उत्तराखाली कृषी विद्यापीठाची शिफारस, शासन निर्णयाचा क्रमांक, डॉक्टरकडं कधी जायचं याची खूण द्यावी लागते. शेजारी ग्रंथपाल असेल तर तो पुस्तकही काढून देईल.

आणि नाव कुठं विचारायचं हे ठरवणं अवघड नाही. अनुदान द्यायचं असेल तर सातबारा मागा, विमा द्यायचा असेल तर पीकपेरा मागा, तिथं माणूस कोण हे कळल्याशिवाय चालणारच नाही. तुरीवर मर रोग आलाय, पुढच्या हंगामात कोणतं वाण पेरू आणि बियाण्याला काय चोळू, एवढंच विचारायला आलेल्या शेतकऱ्याकडून यांतलं काहीही मागायचं कारण नाही. त्याला उत्तर द्या.